नववी खूण

फरशी उचलायला आम्ही तिघी लागलो. यल्लव्वा एका बाजूनं पहार घालून बसली होती. तिची सून रेणुका आणि मी दुसऱ्या बाजूच्या फटीत बोटं खुपसून ओढत होतो. फरशी हलली तशी खालून एक थंड, कुजकट वाफ वर आली आणि मी तोंड फिरवलं. वर्षानुवर्षं कोंडलेल्या चिखलाचा, चुन्याचा आणि कसल्याशा मेलेल्या जिवाचा तो वास होता. यल्लव्वा मात्र ओणवी होऊन आत डोकावली आणि खाली कुणी ओळखीचं माणूस बसलेलं दिसावं तशी हसली.

"हाय की," ती म्हणाली. "कुठं जातीया?"

तिनं चुलीजवळचा एक खडा उचलून माझ्या हातावर ठेवला. मी तो आत सोडला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग चिखलात काहीतरी रुतल्याचा आवाज आला. घराच्या आत, चुलीपासून चार हातांवर, घडीव दगडात बांधलेली गोल विहीर होती. पाणी आटल्यावर तिच्या तोंडावर फरशी टाकून घर पुढं वाढवलेलं होतं, आणि त्या फरशीवर अंथरुणं घालून ती माणसं झोपत होती.

पत्र्याच्या छपराखाली उपग्रहाचं माप नीट मिळेना. मी यंत्र दारातल्या दगडावर ठेवून माप घेतलं आणि तिथून फितीनं विहिरीच्या मध्यापर्यंतचं अंतर काढलं. दोनदा मोजलं. रेणुकेनं फितीचं दुसरं टोक धरलं होतं. काम झाल्यावर मी सवयीनं पिशवीतून ओले कागदी रुमाल काढले आणि एकेक बोट पुसू लागले. तीन रुमाल लागले. यल्लव्वा माझ्या हातांकडे बघत होती.

"पानी देऊ का, बाय, हात धुवायला?"

मी नको म्हटलं. ते काळे झालेले रुमाल कुठं टाकावेत ते मला कळेना, म्हणून पुन्हा पिशवीत कोंबले.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. भूगोलात एम. ए. केल्यावर जुन्या नगर-नकाशांवर प्रबंध लिहिला होता आणि पुण्यात श्रीरंग पेठे यांच्या संस्थेत काम करत होते. संस्था लहान, पण तिचं नाव चांगलं होतं. गावोगावचा इतिहास पडद्यावर मांडून देणं, लोकांना स्वतःच्या बोटानं तो उलगडता येईल असं काही करणं, हे आमचं काम. हरणपूर नगरपरिषदेला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती. त्या निमित्तानं नगरभवनात 'हरणपूर : काल आणि आज' हे कायमचं दालन उभं राहणार होतं आणि त्याच्या मधोमध माझा नकाशा असणार होता.

नकाशे खरं तर दोन होते. एक १८९४ सालचा, इंग्रज मोजणीदारांनी केलेला, कापडावर चिकटवलेला. दुसरा आजचा, उपग्रहावरून घेतलेला. आडव्या काचेच्या मोठ्या पडद्यावर दोन्ही अगदी एकावर एक बसवायचे आणि मध्ये एक उभी रेघ ठेवायची. रेघेच्या डावीकडे जुनं गाव, उजवीकडे आजचं. बोटानं रेघ उजवीकडे सरकवत नेली की आजच्या इमारती, रस्ते, गच्च्यांवरच्या टाक्या पुसल्या जातात आणि त्याच जागी शेतं, पाणंदी, घाट उघडे पडत जातात. सांगायला सोपं आहे. पण जुना कागद नव्या मापावर बसवायचा तर दोन्हीकडे सापडतील अशा पक्क्या खुणा लागतात, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत जागची हललेली नाही अशी वस्तू. देवळाचा कळस, पुलाचा खांब, वेशीचा दगड. त्या खुणांना टाचण्या मारल्यासारखा जुना नकाशा ताणून बसतो. मला अशा आठ खुणा मिळाल्या होत्या, पण त्या सगळ्या गावठाणात आणि नदीच्या बाजूला. ओढ्यापलीकडचा उत्तरेचा कोपरा मोकळा राहिला होता. तिथं अकरा मीटरांची चूक येत होती. सहज पाहणाऱ्याला ती कदाचित कळलीही नसती. मला कळत होती आणि ती मला झोपू देत नव्हती.

जुन्या नकाशात त्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत 'वडारांच्या झोपड्या' असं लिहिलं होतं, बाजूला आठ-दहा चौकोन आणि विहिरीचं एक वर्तुळ. त्या वर्तुळाच्या शोधात मी वडारवस्तीत तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी कुणीतरी मला यल्लव्वा धोत्रेच्या दारात आणून सोडलं.

विहीर कुणी खोदली असं मी विचारलं तेव्हा तिनं सासऱ्याच्या आज्याचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "गावातल्या समद्या हिरी आमच्याच मानसांनी काढल्या, बाय. पानी लागूस्तवर आमी आत उतरायचं. पानी लागलं की मग आमचा दोर न्हाई चालायचा. म्हनून ही आमच्यापुरती काढली."

तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मग तिनं देव्हाऱ्यामागून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे धरली. आत नगरपरिषदेची नोटीस होती. वस्ती १९६८ नंतर अतिक्रमण करून बसली आहे, ती हटवून तिथं वाहनतळ करायचा आहे, हरकत असेल त्यानं प्रांताधिकाऱ्यांपुढे पुराव्यासह हजर राहावं. सुनावणी पुढच्या बुधवारी होती. वकिलानं सांगितलं होतं, त्याआधीचा एखादा सरकारी कागद आणा, मग बघू. त्यानं जुना नकाशा मागायला अर्जही केला होता. कचेरीनं उत्तर दिलं होतं की असा नकाशा अभिलेखात उपलब्ध नाही.

ते उत्तर खोटंही नव्हतं. नकाशा अभिलेखात नव्हताच. दालनाच्या कामासाठी कचेरीतून आणलेला तो पुण्यात, माझ्या टेबलामागच्या कपाटात होता.

"आजी," मी म्हणाले, "नकाशात तुमची विहीर आहे. मी स्वतः पाहिली आहे. रविवारी उद्घाटनाला या. तुमच्या बोटानं तुम्हाला दाखवते. तिथंच फोटो काढून घ्या. नगरपरिषदेच्याच दालनातला नकाशा, त्याला कोण नाही म्हणेल?"

यल्लव्वानं रेणुकेकडे पाहिलं. रेणुका सातवीपर्यंत शिकलेली होती. तिनं मान हलवून दालनाचं नाव आणि वेळ भिंतीवरच्या कालदर्शिकेवर लिहून घेतली. निघताना चहा झाला. कपाच्या कडेला गूळ चिकटलेला होता. मी कप हळूच फिरवून दुसऱ्या बाजूनं प्याले.

त्या संध्याकाळी मी विहीर नववी खूण म्हणून भरली. नकाशा एकदा थरथरला आणि बसला. उत्तरेच्या कोपऱ्यातली चूक दोन मीटरांच्या आत आली होती. ओढा ओढ्यावर आला, त्याच्या काठचं मारुतीचं देऊळ देवळावर. या कामाच्या चौदा महिन्यांत इतकी निखळ खुशी मला झाली नव्हती.

गुरुवारी नगरभवनात काच बसवली गेली आणि नगररचना विभागाचे अभियंता भोईटे ती पाहायला आले. भोईटे हसरे, अघळपघळ, सगळ्यांशी गोड बोलणारे होते. त्यांना एक सवय होती. समोरचा बोलत असताना ते खिशातून कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड काढून त्याच्या कोपऱ्यानं कान कोरत. कार्डाचा कोपरा बाहेर काढून पाहत, पँटला पुसत आणि पुन्हा आत घालत. त्या दिवशी पेठे सरही माझ्याबरोबर होते आणि भोईट्यांच्या हातात त्यांचंच कार्ड होतं.

त्यांनी रेघ मागंपुढं सरकवली, स्वतःचं घर शोधलं, तिथं तेव्हा स्मशान होतं हे पाहून मनापासून हसले. मग रेघ उत्तरेकडच्या कोपऱ्यावर आली आणि थांबली. त्यांनी तेच कार्ड काचेवर टेकवलं.

"हा कोपरा नको, मॅडम."

मी विचारलं, का? ते पेठे सरांकडे वळून सांगत राहिले. प्रकरण चालू आहे, बुधवारी तारीख आहे, उगाच आपल्याच दालनात आपल्याच विरुद्ध कागद नको. तुम्ही शहाणे आहात, असं ते दोनदा म्हणाले. कार्डाचा कोपरा टेकला होता तिथं काचेवर एक पिवळट ठिपका उमटला होता. मी त्या ठिपक्याकडेच बघत होते.

पेठे सर भला माणूस. त्यांचा आवाज कधी चढत नसे. ते म्हणाले की नकाशातलं काही खोडणं आमच्या तत्त्वात बसत नाही. इतिहासात आम्ही ढवळाढवळ करत नाही. भोईटे म्हणाले, खोडा असं कोण म्हणतंय, तेवढा तुकडा कापा. मी म्हणाले की कापलं तर मारुतीचं देऊळ आणि घाटही जाईल. मग निदान ती विहीर काढा, असं त्यांनी सुचवलं. ती नवीन घेतलेली खूण आहे ना तुमची? नव्हती तेव्हाही नकाशा चालतच होता.

मी त्यांच्यासमोर नववी खूण बंद करून दाखवली. नकाशा एका बाजूला कलंडला. ओढ्याकाठचं मारुतीचं देऊळ सरकत सरकत आजच्या ओढ्याच्या पात्रात जाऊन उभं राहिलं.

"अहो मॅडम," भोईटे म्हणाले, "निवडणुकीला अजून दोन वर्षं आहेत. आत्तापासूनच देव पाण्यात कशाला घालता?"

पेठे सर हसले, काच बसवणारे दोघं हसले. भोईटे कान कोरू लागले. उपाय निघत नव्हता. कापायचं नाही, खोडायचं नाही, खूण काढायची नाही. आणि रविवारी उद्घाटन. पेठे सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला काही सुचवलं नाही. त्यांनी सुचवलं असावं, असं मी कितीदा तरी स्वतःला सांगून पाहिलं आहे. त्यांनी नाही सुचवलं.

मी म्हणाले, "सूची तिकडे हलवता येईल."

सूची म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातली चौकट. कोणतं चिन्ह कशाचं हे तिच्यात सांगितलेलं असतं: देऊळ, मशीद, विहीर, झाड, रस्ता, पायवाट. आमचे प्राध्यापक शिकवत, सूची नेहमी रिकाम्या जागेवर बसवावी, जिथं खाली काहीच नाही तिथं. माझी सूची तोवर नदीच्या कोरड्या पात्रावर होती. मी ती उचलून वर, उजव्या कोपऱ्यात नेली. वडारांच्या झोपड्या, विहीर, सगळं तिच्याखाली गेलं. खोडलं काहीच नव्हतं. कापलं काहीच नव्हतं. नववी खूण खाली आपल्या जागी होती आणि देऊळही काठावर नीट उभं होतं.

भोईट्यांनी कार्ड खिशात ठेवलं. "ही फुली कसली?" त्यांनी विचारलं.

"त्यावर बोट ठेवलं की सूची मिटते."

"मग ती ठेवू नका."

मी फुली काढली. मग चौकट नुसती पांढरी फार उघडी दिसते असं मला वाटलं, म्हणून जुन्या कागदाचा फिका पिवळा रंग दिला आणि कडेनं नाजूक वेलबुट्टी काढली. हे कुणी सांगितलं नव्हतं. पेठे सर वाकून पाहत म्हणाले, "वा, वृंदा. असं वाटतं की सूची मुळातच तिथं होती." आणि मला, हे लिहिताना अंगावर शहारा येतो, मला बरं वाटलं.

रविवारी अकरा वाजता नगराध्यक्षांनी फीत कापली. भाषणं झाली. मग पेढे वाटले गेले आणि पेढे खाल्लेली शंभर बोटं माझ्या काचेवर आली. जो तो आपलं घर शोधत होता. नगराध्यक्षांनी त्यांच्या बंगल्यावर अंगठा दाबून धरला आणि फोटो काढून होईपर्यंत उचलला नाही. एका बाईंनी लहान मुलाचा तळवाच काचेवर ठेवला. त्याच्या हातातला पेढा नदीवर सारवला गेला. तुपाचे ओरखडे, साखरेचे कण, कुणाच्या तरी शिंकेचे तुषार. मी मऊ फडकं घेऊन उभी होते आणि दर दहा मिनिटांनी ते सगळं पुसत होते. पुसताना रेघ फडक्याखाली सरकायची. गाव जुनं व्हायचं, नवं व्हायचं, पुन्हा जुनं. फडकं तुपकट होऊन त्याला आंबूस वास सुटला होता.

यल्लव्वा साडेबाराला आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होती. दालनात सगळे पायताणांसकट फिरत होते. तिनं आणि रेणुकेनं आपल्या चपला बाहेर, उंबऱ्याशी काढून ठेवल्या. त्या रांगेत उभ्या राहिल्या. मी त्यांना पाहिलं आणि फडक्याची घडी घालू लागले, मग ती मोडून पुन्हा घालू लागले. दहा पावलांवर भोईटे दोन नगरसेवकांशी बोलत उभे होते. त्यांच्या हातात पेढ्याचा अर्धा तुकडा होता.

मला वाटत होतं की तिला काही सापडणार नाही. ती विचारेल, मी सांगेन की तांत्रिक अडचण आली, फाईल खराब झाली, असं काहीतरी. मी वाक्यं तयार ठेवली होती.

यल्लव्वाला वाचता येत नव्हतं. पण तिला गाव पायांनी ठाऊक होतं. तिनं मारुती कुठं ते तेवढं विचारलं. मी देवळावर बोट ठेवलं, रेघ उजवीकडे सारून जुना नकाशा उघडला. मग ती चालू लागली. बोटाचं टोक नव्हे, वळलेल्या बोटाचं पेर काचेला जेमतेम लागेल असं धरून ती ओढ्याच्या काठानं वर निघाली.

"हितनं वड्याच्या कडंनं. हितं उतार. हितं चिच." ती थांबली. "चिच हाय न्हवं?"

झाडाचं चिन्ह होतं. मी हो म्हणाले.

"चिचंपासनं वळलं की..." तिचं पेर चौकटीच्या वेलबुट्टीला लागलं, ती ओलांडून आत गेलं आणि थबकलं. "ही पाटी कसली, बाय?"

"ती सूची, आजी. कोणती खूण कशाची, ते त्यात सांगितलेलं असतं."

"आन ही गोल?"

मी पाहिलं. गुरुवारी चौकट हलवताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सूचीतली तिसरी ओळ, विहिरीच्या चिन्हाचा नमुना दाखवणारं ते निळं वर्तुळ, खालच्या खऱ्या विहिरीच्या जवळजवळ डोक्यावर आलं होतं. फार तर एका बोटाचं अंतर.

"ती विहिरीची खूण," मी म्हणाले.

यल्लव्वा इतकी वाकली की तिचा श्वास काचेवर उमटला. "रेणुके, बघ गं. गोल. निळी. कडं सुदिक काढलंय."

रेणुका पुढं आली. तिनं ओठ हलवत वाचलं. "आत्ती, विहीर म्हनून लिवलंय बी."

मग तिनं मोबाईल काढला. काढता काढता ती थांबली आणि चौकटीच्या वरच्या ओळीवर, खालच्या ओळीवर तिची नजर फिरली. देऊळ, मशीद, झाड, पायवाट. तिच्या कपाळावर एक आठी आली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हीच न्हवं आमची?"

भोईट्यांचं बोलणं थांबलं होतं. ते आमच्याकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता. पुढं काय होतं याची नुसती उत्सुकता होती, क्रिकेटच्या मैदानाकडे बघावं तशी. मी अजून कुठल्याही प्रश्नाचं खोटं उत्तर दिलेलं नव्हतं. त्या क्षणी मला त्याचाच आधार वाटत होता.

मी मान हलवली. हो, अशी.

रेणुकेनं तीन फोटो काढले. एक नुसत्या चौकटीचा, एक वर्तुळाचा, एक सासूला शेजारी उभं करून. यल्लव्वा फोटोसाठी पदर सारखा करून ताठ उभी राहिली. मग ती माझ्याजवळ आली, दोन्ही तळवे माझ्या गालांवरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. तिचे तळवे दगड फोडून फोडून खरखरीत झाले होते. त्यांना साबणाचा वास येत होता.

"घर राखलंस, पोरी," ती म्हणाली. मग काचेकडे पाहून हसली. "हात धुऊन आलेय बरं का. तुजी काच खराब व्हायची न्हाई."

त्या उंबऱ्याशी जाऊन चपला घालेपर्यंत मी उभी राहिले. मग काचेवर वाकले. ती म्हणाली तसंच होतं. ओढ्याच्या काठानं, चिंचेपासून चौकटीपर्यंत, एकही डाग नव्हता. मी तरीही ती जागा पुसली. फडक्याला लागलेलं दुसऱ्यांचं तूप त्या जागेवर पसरलं.

त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत मी काय केलं, असं मला पुढं कुणी विचारलं नाही. मूळ नकाशा माझ्या कपाटात होता. वकिलाचं नाव नोटिशीबरोबरच्या वकीलपत्रावर मी वाचलेलं होतं. पुण्याहून हरणपूरला दर तासाला बस सुटत असे. सोमवारी मी दालनाच्या संकेतस्थळावरचा मजकूर तपासला, दोन ठिकाणची विरामचिन्हं दुरुस्त केली. मंगळवारी कपाटाची किल्ली ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवली आणि दिवसभर ती तिथं पडून होती. सहा वाजता परत ड्रॉवरमध्ये टाकली.

निकाल महिन्याभरानं लागला. आज तिथं दुमजली वाहनतळ आहे. तळमजल्यावर एका कोपऱ्यात जमीन दर पावसाळ्यात खचते आणि तिथं गाड्या लावू नयेत म्हणून साखळी बांधलेली आहे, असं मी ऐकलं. मी गेलेले नाही. नकाशा अजून संकेतस्थळावर आहे, आणि नववी खूण बंद केली तर मारुतीचं देऊळ अजूनही पाण्यात जातं.

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचा आहे तो गुरुवार, सुनावणीच्या दुसऱ्या दिवशीचा. सकाळी दहाच्या सुमाराला पेठे सरांनी मला खोलीत बोलावलं. भोईट्यांचा फोन होता. सरांनी तो मलाही ऐकू यावा असा ठेवला होता. दालनाचं सगळीकडे कौतुक चाललंय, जिल्हाधिकारी पाहून गेले, शेजारच्या दोन नगरपरिषदांनी आमचा पत्ता मागितला, हे सगळं सांगून झालं. मग भोईट्यांचा आवाज बदलला. गंमत सांगायच्या आधी माणूस जसा जरा दम घेतो तसा त्यांनी घेतला.

"आणि काल काय झालं ठाऊक आहे का? ती वडाराची म्हातारी. नवं लुगडं नेसून आलेली. वकिलालासुद्धा आधी दाखवलं नाही म्हणे, थेट साहेबांपुढं फोटो ठेवला. म्हणते, ही आमची हीर, सरकारच्या नकाशात हाय. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. म्हणाले, बाई, ही तर सूची आहे. ही विहीर नाही, विहीर कशी काढतात ते दाखवलंय. तर ती ऐकेना. तिचं एकच: त्या पोरीनं मान हलवली हुती, तिला इचारा. अहो, अख्खी कचेरी हसत होती. कारकून काय, शिपाई काय. वकिलानं तर तोंडावर फाईल धरली."

फोनमधून त्यांच्या हसण्याचा खरखराट येत राहिला. माझ्या डोळ्यांपुढे आलं, ते कार्ड कानात घालून हसत असणार.

पेठे सर हसले नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. तो भला माणूस होता, आणि हे हसण्यासारखं आहे की नाही हे त्यांचं ठरलेलं नव्हतं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा उचलला गेला होता आणि तिथंच अडला होता. ते माझ्या चेहऱ्यावरून ठरवणार होते.

मी हसले.

मग तेही हसले.